पेटीवर आधी कोण होतं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यातल्या एखाद्या गावात भजनी मंडळाचं वय विचारा, उत्तर बहुधा लगेच मिळतं. देवळाचा जीर्णोद्धार झाला त्या वर्षी, नाहीतर तुकडोजी महाराजांच्या हयातीत. मंडळाचं नाव सतरंजीवर, पेटीच्या खोक्यावर, लाऊडस्पीकरच्या भोंग्यावर रंगवलेलं असतं. पण त्याच्या पुढचा प्रश्न विचारला की चेहरे बदलतात. पहिल्या वर्षी खंजेरी कोणाच्या हातात होती? पेटीवर कोण बसायचं? तो उठला केव्हा, आणि का उठला? मग दोघं-तिघं एकदम बोलू लागतात, एक नाव पुढे येतं, दुसरा ते खोडून काढतो, आणि शेवटी कोणीतरी म्हणतं, "त्यायचा पोरगा बसते न आता." म्हणजे आजचं उत्तर मिळतं, कालचं मिळत नाही.

हा प्रश्न किरकोळ नाही, असं मला वाटतं. चारजण मिळून जी कला करतात तिचा इतिहास आपण स्थापनेची तारीख आणि एक मोठं नाव यांच्यात बांधून मोकळे होतो. प्रत्यक्षात अशा समूहाला त्याचा आवाज मिळतो तो पहिल्या काही वर्षांत, माणसं येत-जात असताना. ज्याला नंतर आपण त्या मंडळाची खासियत म्हणतो, ती पुष्कळदा कोणाच्या तरी जाण्याने मोकळ्या पडलेल्या जागेत उगवलेली असते. गेलेल्यांची नोंद नसली की ती खासियत आली कुठून, हेच कळेनासं होतं. मग आपण 'दैवी देणगी'सारखे शब्द वापरून वेळ मारून नेतो.

ब्रिटनमध्ये बँडवर प्रेम करणाऱ्यांना हे फार आधी उमगलं. पीट फ्रेम या पत्रकाराने रॉक बँडच्या वंशावळी हाताने काढल्या: कोण कोणत्या साली आला, काय वाजवत होता, कोणाशी बिनसलं, तिथून कोणत्या बँडमध्ये गेला, हे सगळं रेघांनी जोडत बारीक अक्षरात लिहिलेलं. त्याची पुस्तकं निघाली, लोकांनी ती वाचली. सहा महिने ड्रम वाजवून निघून गेलेल्या पोराचं नावही त्यात सापडतं. आपल्याकडे वंशावळ ठेवायची परंपरा काही कमी नाही. भाट, हेळवी, तीर्थक्षेत्रांचे पंडे यांच्या चोपड्या भरलेल्या आहेत. पण त्या रक्ताच्या नात्यांच्या. एकत्र बसून वाजवणाऱ्यांच्या नात्याची चोपडी आपण ठेवली नाही.

इंडी म्हटल्या जाणाऱ्या बँडच्या बाबतीत तर अशी चोपडी फारच उपयोगाची. मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांच्या बाहेर, छोट्या स्वतंत्र कंपन्यांच्या आधाराने वाढलेले हे समूह. पैसा जवळजवळ नाहीच, त्यामुळे माणसं टिकत नाहीत. शेफिल्डच्या 'पल्प'चं उदाहरण घ्या. पोलादाच्या कारखान्यांचं हे शहर; तिथे १९७८ साली जार्विस कॉकर या पंधरा वर्षांच्या मुलाने पीटर डाल्टन या शाळूसोबत्याला घेऊन बँड काढला. १९८१ च्या नोव्हेंबरमध्ये बीबीसीवर जॉन पीलच्या कार्यक्रमासाठी त्यांचं ध्वनिमुद्रण झालं. शाळकरी पोरांना याहून मोठी संधी मिळणं अवघड होतं. आणि नेमका तिथेच बँड फुटला. भांडण नाही, तंटा नाही. बाकीची मुलं विद्यापीठात शिकायला निघून गेली. कॉकर मागे राहिला.

पुढची गोष्ट बघण्यासारखी आहे. १९८३ च्या पहिल्या अल्बमवर वेगळीच माणसं आहेत आणि सूर मऊ, लोकगीताच्या वळणाचा आहे. मग रसेल सीनियर व्हायोलिन आणि गिटार घेऊन आला आणि सुरात एक कडवटपणा आला. मॅग्नस डॉईल ड्रमवर होता. त्याची बहीण कँडिडा कीबोर्डवर आली. भाऊ पुढे सोडून गेला, बहीण राहिली, आणि तिच्या त्या स्वस्त, जुनाट वाटणाऱ्या ऑर्गनच्या आवाजावरूनच आज लोक पल्प ओळखतात. मॅग्नसच्या जागी निक बँक्स आला. बासवर स्टीव्ह मॅकी आला, तेव्हा क्लबांतल्या नव्या नाचाच्या तालाची गोडीही बँडमध्ये शिरली. १९९५ साली ग्लास्टनबरीच्या महोत्सवात 'स्टोन रोझेस'च्या गिटारवादकाला दुखापत झाली म्हणून ऐनवेळी पल्पला बोलावलं, आणि त्या रात्रीनंतर त्यांचं नाव देशभर झालं. स्थापनेला तेव्हा सतरा वर्षं झाली होती. पहिल्या चमूतला एक कॉकर सोडला तर मंचावर कोणी नव्हतं.

आता 'मूळ पल्प' कुठला? १९७८ चा म्हणाल तर त्याचं गाणं फारसं कोणी ऐकलेलं नाही. १९९५ चा म्हणाल तर तो मूळ कसा? मला वाटतं, प्रश्नच चुकीच्या जागी ठेवलेला आहे. पहिली मुलं शिकायला गेली नसती तर व्हायोलिन आलं नसतं, आणि मॅग्नस डॉईल कधीकाळी ड्रमवर नसता तर कँडिडाही आली नसती. गेलेली माणसं अशी त्या आवाजात हजर आहेत.

हे परदेशातलं राहू द्या. आपल्याच राज्यात, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत १९५८ च्या सुमारास पाच मुलांनी 'हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. ब्रूस मरे, डेरिक ब्रांच, फरांग इराणी, व्हिक्टरी राणा आणि झांझिबारहून वसतिगृहात शिकायला आलेला फारुख बलसारा. गाण्यात पुढे असायचा ब्रूस मरे. फारुख पियानोवर. शाळा संपली, बँड संपला. व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात मोठ्या हुद्द्यावर गेला, इराणीने पुण्यात हॉटेल चालवलं, ब्रांच इंग्लंडात नट झाला. आणि पियानोवरचा मुलगा फ्रेडी मर्क्युरी झाला.

आपल्याकडे ही गोष्ट सांगताना 'बघा, आपल्या पाचगणीचा पोरगा' इतकंच म्हणून थांबतात. मला त्यातली दुसरीच बाजू मोलाची वाटते. जगातल्या सर्वांत ओळखीच्या गायकांपैकी एक त्याच्या पहिल्या चमूत मुख्य गायक नव्हता. जागा भरलेली होती. लंडनमध्येही 'स्माईल' नावाच्या बँडमध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्याबरोबर गायला टिम स्टॅफेल होता. १९७० मध्ये स्टॅफेलने ती जागा सोडली, तेव्हा फ्रेडीला ती मिळाली आणि 'क्वीन' उभा राहिला. त्यानंतर बासवर माईक ग्रोस आला आणि गेला, बॅरी मिचेल आला आणि गेला, डग बोगी आला आणि गेला. १९७१ मध्ये जॉन डीकन आला तो मात्र राहिला. सगळ्यात शेवटी आलेल्या या शांत माणसाने पुढे 'अनदर वन बाइट्स द डस्ट' लिहिलं, जे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. संस्थापकांच्या यादीने हा बँड समजून घ्यायला गेलं तर डीकन हाती लागतच नाही, आणि स्टॅफेलशिवाय फ्रेडीचं येणं समजत नाही.

यावर कोणी म्हणेल की बँड ही उपरी गोष्ट, त्यांचे नियम आपल्याला कशाला. मराठी माणसाला मात्र असं म्हणायची सोय नाही, कारण चमू फुटून कला वाढल्याचा आपला स्वतःचा इतिहास फार दांडगा आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' पुण्यात रंगभूमीवर आणलं. दोनेक वर्षांत भाऊराव कोल्हटकर त्यांच्या नाटक कंपनीत आले आणि 'सौभद्र' उभं राहिलं. १८८५ मध्ये अण्णासाहेब गेले. १९०१ मध्ये भाऊरावही गेले. कोणत्याही 'मूळ संच'वाद्याने तिथेच कंपनीवर पडदा टाकला असता. पण १९०५ मध्ये नारायण राजहंस म्हणजे बालगंधर्व आले. १९११ च्या मार्चमध्ये 'मानापमान' आलं. संगीत गोविंदराव टेंब्यांचं, धैर्यधराच्या भूमिकेत नानासाहेब जोगळेकर. त्याच वर्षी जोगळेकर वारले आणि पेटीवर बसणारे, चाली देणारे टेंबे स्वतः धैर्यधर म्हणून रंगमंचावर उभे राहिले.

तिथून पुढची पाच-सात वर्षं म्हणजे येणं-जाणं हेच कसं कलेचं इंजिन होतं, याचा धडाच आहे. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे तिघेही किर्लोस्कर मंडळी सोडून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. किर्लोस्करांच्या दृष्टीने हा घाव मोठा होता. पण त्या रिकाम्या घरात १९१४ मध्ये दीनानाथ मंगेशकर आले, आणि १९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्याबरोबर तेही बाहेर पडले. त्यातून बळवंत संगीत मंडळी निघाली. इकडे गंधर्व मंडळीतून टेंबे १९१५ च्या सुमारास बाहेर पडले आणि त्यांनी शिवराज मंडळी काढली. आता इथे जरा थांबावं. टेंबे गेले म्हणून १९१६ च्या 'स्वयंवर'साठी चाली द्यायला भास्करबुवा बखले आले. 'स्वयंवर'चं संगीत आणि 'मानापमान'चं संगीत पाठोपाठ ऐका. टेंब्यांच्या चालीत पूरबकडच्या ठुमरी-दादऱ्याचा झोका आहे, भास्करबुवांच्या चालीत ख्यालाचा विस्तार आहे. ज्याला आपण एका दमात 'बालगंधर्वांची गायकी' म्हणतो, तिच्यात या दोन घरांचा वाटा आहे, आणि दुसऱ्याला वाट मिळाली ती पहिल्याच्या जाण्याने. तबल्यावर अहमदजान थिरकवाँ, सारंगीवर कादरबक्ष अशी माणसं पुढे त्या मंडळीत आली. त्यांचा हिशेब वेगळाच मांडावा लागेल.

नाटक कंपन्यांचा हा इतिहास आपल्याला माहीत आहे कारण बोडसांनी, टेंब्यांनी, चिंतामणरावांनी आठवणी लिहिल्या. लिहिता येणारी, लिहायची सवड आणि छापणारा प्रकाशक असलेली माणसं होती ती. केळापूरच्या मंडळांना हे तिन्ही मिळालं नाही. म्हणून त्यांच्यात बदल झाले नाहीत असं नव्हे. ते फक्त कागदावर आले नाहीत.

याच तालुक्यातल्या पांढरकवड्याहून पाटणबोरीच्या दिशेने गेलं की पैनगंगेपलीकडे आदिलाबाद सुरू होतं. नदीच्या दोन्ही काठांवर गोंड आणि कोलाम वस्त्या आहेत, आणि दिवाळीच्या दिवसांत दंडार, म्हणजे नाचणाऱ्या-गाणाऱ्यांचा ताफा, एका गावाहून दुसऱ्या गावी जाते. ढोल, डफ, सोबत मोरपिसांचे भले मोठे टोप घातलेले घुसाडी. यजमान गाव पाहुण्या दंडारीला जेवू घालतं, पाहुणे नाचून-गाऊन फिटंफाट करतात. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात आदिलाबादच्या मारलावाईत राहून राजगोंडांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात या दंडारीचं वर्णन आहे. त्याच मारलावाईच्या कनक राजूंना घुसाडी नाचासाठी २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांचा मान अगदी योग्यच. पण दंडार एकट्याने निघत नाही. ढोलावर कोण होतं, घुसाडीचा टोप कोणी बांधून दिला, कोणी दहा वर्षं नाचून मग हैदराबादला बांधकामावर गेला, याला पद्मश्रीत रकाना नाही. सरकारचा दोष मी काढत नाही. सन्मान द्यायची आपली सगळी रीतच एकट्या माणसाभोवती फिरते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. दंडार किंवा परधानांचं गाणं ही बँडसारखी नाहीत, असं म्हणतात. परधान हे गोंडांचे पिढीजात गाणारे. किंगरी या तंतुवाद्यावर कुळांच्या कथा सांगतात, आणि कोणत्या परधान घराण्याने कोणत्या गोंड घराण्यासाठी गायचं, हे वंशपरंपरेने ठरलेलं. तिथे माणूस जातो, जागा राहते. बाप गेला, मुलगा बसला. गाणं कुळाचं, माणसाचं नाही. मग नावं कशाला लिहायची? उलट नावं लिहून आपण त्या सामूहिक कलेत 'कलाकार' नावाचा शहरी अहंकार घुसवतो, असंही काही अभ्यासक म्हणतात.

मी हा आक्षेप अर्धाच मान्य करतो. जागा कुळाची असते हे खरं. पण त्या जागेवर बसलेला माणूस जागेला जसाच्या तसा सोडून जात नाही. डफ वाजवणारा बदलला की ठेका बदलतो. हे जवळून पाहायचं असेल तर दंडार सुरू होण्याआधीची अर्धी घटका पाहावी. रात्रीच्या दवाने डफाचं कातडं सैल पडलेलं असतं. पाचटाचा जाळ करून डफ त्यावर शेकतात. एकजण आच लागू न देता डफ फिरवत राहतो, मधूनमधून बोटाने टिचकी मारून कान लावतो. किती शेकायचा, हे त्याचं त्यालाच कळतं. त्याने जरा जास्त शेकला तर डफ चढा लागतो, मग गाणाऱ्याला सूर वर घ्यावा लागतो, म्हातारा झिलकरी दमतो, आणि एखादं कडवं लवकर आटोपतं. एका माणसाच्या हाताने अख्ख्या रात्रीचा रंग बदलतो. हा माणूस बदलला आणि त्याच्या जागी पुतण्या आला, तर 'जागा तीच' म्हणणं कागदावर बरोबर असेल. कानाला ते पटत नाही.

आणि नावं लिहिणं म्हणजे अहंकार घुसवणं, हेही मला पटत नाही. अहंकार तेव्हा शिरतो जेव्हा एकाचंच नाव लिहिलं जातं. सगळ्यांची लिहिली तर समूहच नीट दिसतो.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजेरी हातात घेऊन विदर्भाच्या खेड्यापाड्यांत जी हाक दिली, तिच्यातून गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगाव झाल्या. १९६८ मध्ये महाराज गेले. त्यानंतरची मंडळं आपापल्या माणसांवर चालली, आणि माणसं जायची कारणं फार साधी. पोरगा बारावी झाला की नागपूर, पुणे, नाहीतर वणीच्या कोळसाखाणी. कोणी सैन्यात भरती. दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू झाली की रात्री बसायची ताकद उरत नाही. कर्जाने मोडलेल्या घरातला पेटीवाला पेटीला हात लावत नाही. या तालुक्यात शेतकऱ्याच्या घरावर काय-काय येऊन गेलं, हे जगजाहीर आहे. पल्पमधली मुलं शिकायला गेली, आपली पोटासाठी गेली. परिणाम तोच: एक जागा मोकळी, आणि कोणीतरी अर्धवट शिकलेला माणूस तिथे बसून नवीच वाट शोधतो. एका गावच्या मंडळात पेटीवाला गेल्यावर दोन वर्षं पेटीच नव्हती, तर गाणारे नुसत्या खंजेरीवर गायला शिकले आणि त्यांच्या भजनाला एक उघडा, धारदार आवाज आला. पुढे पेटी परत आली तेव्हाही तो आवाज गेला नाही. ही गोष्ट मला तिथल्याच एका वयस्कर गृहस्थांनी सांगितली. ती कुठेही लिहिलेली नाही.

सगळ्यात मोठा बदल तर आपण बदल म्हणून मोजतच नाही. महिला भजनी मंडळ घ्या. दहा-बारा वर्षांची मुलगी आईच्या मांडीला मांडी लावून टाळ धरते, सतराव्या-अठराव्या वर्षी चांगली गायला लागते, आणि लग्न होऊन जाते. मंडळाने तयार केलेला आवाज दर वैशाखात घाटंजीला, वणीला, आदिलाबादला निघून जातो. जगातल्या कोणत्याही बँडला इतकी नियमित गळती लागत नसेल. आणि त्याच वैशाखात दुसऱ्या गावची मुलगी सून म्हणून येते. ती पहिलं वर्षभर मागे बसते. मग एखाद्या एकादशीला कोणीतरी म्हणतं, "तुमच्याकडचं म्हणा ना काही." ती माहेरची चाल म्हणते. शब्द ओळखीचे, चाल अनोळखी. दोन-तीन वेळा ऐकून बायका झील धरतात, आणि पाच वर्षांनी ती चाल 'आपल्या गावची' झालेली असते. पैनगंगेपलीकडची वळणं केळापूरच्या भजनात अशी आलेली आहेत. लोकसंगीताचा प्रसार कसा होतो यावर विद्वान मोठे ग्रंथ लिहितात. आपल्याकडे त्याचा एक मोठा रस्ता लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर गेलेला आहे. पण त्या सुनेचं नाव मंडळाच्या कोणत्याही फलकावर नाही, आणि गेलेल्या लेकीचं तर नाहीच नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आणि करता येण्याजोगं आहे. प्रत्येक मंडळाकडे वर्गणीची वही असते. किती रुपये जमले, सतरंजी केवढ्याला आणली, लाऊडस्पीकरवाल्याला इसार किती दिला, सगळं तिच्यात नोंदलेलं असतं. तिच्याच मागच्या पानांवर माणसांची नोंद सुरू करावी. नाव, काय वाजवायचा किंवा काय गायची, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, आधी तिथे कोण होतं, नंतर कोण आलं, का जावं लागलं, आणि कोणती चाल त्यांनी आणली. पांढरकवड्याच्या महाविद्यालयांतली मराठीची मुलं प्रकल्पासाठी विषय शोधत असतात. प्रत्येकाने एका गावचं एक मंडळ घेतलं तरी दोन-तीन वर्षांत तालुक्याची वंशावळ तयार होईल. सत्तरीच्या पुढची माणसं अजून आहेत, त्यांना आधी गाठावं. लेकींच्या रकान्यात सासरचं गाव लिहावं, म्हणजे तिथल्या मंडळाच्या वहीशी ही वही जोडता येईल. ज्या मंडळात नावांवरून वाद होईल तिथे दोन्ही नावं लिहावीत, आणि वाद कशावरून झाला तेही लिहावं.

कोलाम पोडांवर आणि गोंड वस्त्यांवर हे काम त्यांच्याच पोरांनी करावं, कोलामी आणि गोंडीत विचारून. घुसाडीचा टोप कोण बांधतं, हा प्रश्न बाहेरच्या माणसाला सुचायलाच दहा वर्षं जातात.